गाऊन पक्की केलेली भिंत

निपाणीला कोणी पाहायला म्हणून जात नाही. तंबाखूचा व्यापारी जातो, बेळगावच्या कचेरीत काम असलेला माणूस वाटेत चहापुरता उतरतो, आणि ज्याची सासुरवाडी त्या बाजूला आहे तो जातो. मी या तिसऱ्या वर्गातला. बडोद्याच्या मित्रांनी विचारलं, नाताळच्या सुट्टीत लोक अजिंठा बघतात, द्वारका करतात, तू निपाणीला कशाला? मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. खरं कारण आता परत आल्यावर लिहितो आहे.

कारण होतं एक पोस्टकार्ड. माझी पत्नी हौसा दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. तिची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच आक्का म्हणतो, वडिलांना सांभाळत वेदगंगेकाठच्या गावी राहते. आक्काला लिहिता येत नाही. कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या त्या कार्डात तीनच ओळी होत्या. शाळेची जुनी खोली नाताळात पाडणार आहेत. आप्पा दोन दिवस नीट जेवलेले नाहीत. तुम्ही आलात तर बरं होईल.

ते वाचून मीही त्या दिवशी ताटावरून उठलो. ती खोली म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, आणि त्या खोलीवरून मी हौसाला एकदा काय बोललो होतो तेही.

ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचा प्रवास समजेल. आप्पा, माझे सासरे, हे चुन्याचे गवंडी. मी कोल्हापुरात ज्या बोर्डिंगात राहून शिकलो, तिथल्या नव्या इमारतीचा गिलावा त्यांनी केला. गिलावा करता करता त्यांनी मला पारखलं आणि आपली धाकटी मुलगी दिली. पुढे मला बडोद्याला रसायन शिकवायची नोकरी लागली. संसार थाटल्यावर पहिल्याच वर्षी एका रविवारी, नवरा किती हुशार आहे हे बायकोला कळावं म्हणून, मी घरी चुन्याची निवळी केली. चुना पाण्यात कालवून ठेवला की तळाशी बसतो आणि वर काचेसारखं स्वच्छ पाणी उरतं, ती निवळी. पेल्यात ती घेतली, पपईच्या पानाचा पोकळ दांडा हौसाच्या हातात दिला आणि म्हटलं, फुंकर घाल. तिनं फुंकलं. पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. आपल्या श्वासातला कर्बवायू, ज्याला आम्ही वर्गात कर्बद्विप्राणिद म्हणतो, चुन्याला धरतो आणि त्याचा खडू होतो, असं मी तिला ऐटीत समजावलं.

ती टाळ्या पिटून हसली. "अगं बाई! म्हंजे आमी शाळंच्या भितीत फुकलं त्येच की हे!"

मग तिनं सांगितलं. ती आठ-नऊ वर्षांची असताना गावात पहिली शाळा बांधली. पावसाळा लांबला होता, हवेत दमटपणा, चुना काही केल्या धरेना, आणि शाळा उघडायचा दिवस तर ठरलेला. तेव्हा आप्पांनी खिडक्यांना तरटं लावली, चार शेगड्या पेटवल्या आणि गावातल्या बायकापोरांना आत बसवून रोज तीन प्रहर गाणी म्हणायला लावली. पंधरा दिवसांत भिंत टणक झाली.

मी काय करावं? मी हसलो. म्हटलं, "हौसा, शेगडीच्या उबेनं भिंत वाळली. गाण्यानं भिंती पक्क्या व्हायला लागल्या तर गवंड्यांनी तंबोरे घ्यावेत. शास्त्रात गावगप्पा मिसळू नकोस."

तिनं पेला विसळून पालथा घातला. पुढच्या पंधरा वर्षांत त्या खोलीचा विषय तिनं माझ्यासमोर पुन्हा काढला नाही.

आणि ती गेल्यानंतर सहा महिन्यांनी, भर वर्गात, फळ्यावर मी दोन समीकरणं एकाखाली एक लिहिली. एक निवळीत फुंकर घातल्याचं आणि दुसरं चुन्याची भिंत पक्की होण्याचं. सतरा वर्षं मी ती दोन वेगवेगळ्या धड्यांत, दोन वेगवेगळ्या महिन्यांत शिकवत आलो होतो. त्या दिवशी एकाखाली एक आली म्हणून दिसलं की दोन्ही अक्षर न अक्षर सारखी आहेत. भिंत नुसती वाळत नाही, ती हवेतला तोच वायू पिऊन दगड होते. बंद खोलीत तीस माणसं तीन प्रहर गात असतील तर तिथं त्या वायूला काय तोटा? हौसाला ते एका फुंकरीत कळलं होतं. मी मुलांकडे पाठ करून बराच वेळ फळा पुसत राहिलो.

हे मला आप्पांना सांगायचं होतं, ती भिंत उभी आहे तोवर.

कोल्हापूर ते निपाणी

कोल्हापूरपर्यंत आगगाडी आणि पुढे मोटार. मोटारीत माणसं, कोंबड्या आणि काकवीचे डबे यांना सारखाच मान होता. माझ्या शेजारी पटका बांधलेला एक म्हातारा शेतकरी होता. त्यानं तळहातावर तंबाखू घेतली, पितळी डबी उघडली, नखानं चुना काढू लागला आणि चुना निघेना.

"दगुड झाला की वो," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "चार दीस पानी घालायचं ऱ्हायलं. पानी न्हाय घाटलं की हवा खातोय त्यो आन् बसतोय."

"हवा खातो?"

"व्हय तर!"

बडोद्याला 'हो' म्हणतात, 'हा' म्हणतात, गुजराती शेजारी 'हां जी' म्हणतात. 'व्हय तर' म्हणणारं माझ्या घरात एकच माणूस होतं. दोन वर्षांनी तो शब्द कानावर पडला आणि मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बाहेर उसाची रानं होती आणि गुऱ्हाळांचा धूर. शेजाऱ्याला वाटलं, मास्तराला मोटार लागली. त्यानं मायेनं लिंबू काढून दिलं. मी मास्तर आहे हे तुम्हाला कसं कळलं, असं विचारल्यावर म्हणाला, "तुमी पाच वेळा इच्यारलंसा, मोटार कवा पोचनार. मास्तरच इच्यारतोय तसं."

वाटेत मोटारीच्या इंजिनातलं पाणी उकळलं आणि आम्ही सगळे एका गुऱ्हाळाशी उतरलो. मोठ्या काहिलीत रस रटरटत होता. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कसबी माणूस, त्यात निवळीची एक वाटी ओतत होता. मळी वर येऊन रस नितळ होतो म्हणे. या मुलखात चुना कुठं नाही? तोंडात आहे, गुळात आहे, भिंतीत आहे. आम्ही बडोद्यात तो बाटलीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवतो.

निपाणी येण्याआधी निपाणीचा वास येतो. तंबाखूच्या वखारींतून तो सगळ्या रस्त्याला भरून राहिलेला असतो. नव्या माणसाला ठसका लागतो, मलाही लागला. हौसा मात्र बडोद्याला पहिल्या वर्षी म्हणायची, इथल्या हवेला वासच नाही, जेवल्यासारखं वाटत नाही. बाजारात मराठी, कानडी आणि हिंदी एकाच वाक्यात येतात. भाव कानडीत सांगितला तर घासाघीस मराठीत होते, आणि भांडण दोन्हीत. मी आप्पांसाठी तांबडा पटका घेतला आणि गावाकडे निघालेली बैलगाडी धरली.

आप्पांचं अंगण

दिवस कलायच्या आधी पोचलो. आक्का दारातच होती. तिनं पाण्याचा तांब्या दिला, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पदर तोंडाला लावला. "येकलंच आलासा," एवढंच म्हणाली. जावई सासुरवाडीला एकटाच येतो, त्यात नवल काही नाही. पण या घरी मी एकटा कधीच आलो नव्हतो.

आप्पा अंगणात चुन्याच्या हौदाशी बसले होते. पूर्वी त्यांच्यापुढे मला माझे हात फार पांढरपेशे वाटायचे. आता त्यांचे हात सुकून काटकीसारखे झाले होते. त्यांनी मला बघितलं, उठायचा प्रयत्न केला, मी खाली बसलो तेव्हा तेही बसले. हौदात विरवलेला चुना निवत होता. वर बोटभर निवळी आणि निवळीवर पातळशी पांढरी साय. आप्पांनी बोटानं ती साय मोडली. काचेसारखी कडकन तुटली.

"रातीत परत धरती बगा," ते म्हणाले. "उघड्या हवंत ऱ्हायला की त्येला दम न्हाय. त्यो घेतोयच."

जेवायला जोंधळ्याची भाकरी, पावट्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. बडोद्याच्या गोड वरणानं माझी जीभ इतकी लाडावली आहे की पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. आक्कानं घाईनं दह्याची वाटी पुढे केली. दुसऱ्या घासाला आलेलं पाणी मिरचीचं नव्हतं, पण तिला तेही मिरचीचंच वाटलं, बरं झालं. आप्पांनी अर्धी भाकरी कुस्करून ताटात तशीच ठेवली.

"खावा की वो आप्पा," आक्का म्हणाली. "जावई आल्यात."

"खातो," आप्पा म्हणाले, आणि खाल्लं नाही.

त्या संध्याकाळी मला बोलायचं होतं. मनात वाक्यं जुळवून आणली होती. पण चारशे मुलांसमोर न अडखळणारा मी त्या एका म्हाताऱ्यासमोर पाटावर बसून गप्प राहिलो. तुमची मुलगी बरोबर होती आणि मी तिची थट्टा केली, हे बापाला कसं सांगायचं?

ओढ्यावरची भट्टी

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा म्हणाले, चला, भट्टी दावतो. गावाबाहेर काळ्या मातीत ओढ्यानं खोल कापलेली दरड आहे आणि तिच्यात पांढरे गोटे दिसतात, कुठं सुपारीएवढे, कुठं मुठीएवढे. हे चुनखडे. पावसाचं पाणी मातीत मुरताना मातीतला कर्बवायू घेतं, त्या जोरावर दगडातला चुना विरघळवून नेतं, आणि उन्हाळ्यात पाणी उडालं की चुना मागे राहून गोटा धरतो. आप्पांच्या भाषेत, जमीन गोटे विते. त्यांचं वाक्य मला अधिक आवडलं.

बायका टोपल्यांनी ते गोटे वेचत होत्या. भट्टी म्हणजे उभा गोल बुरूज. एक थर लाकूड-कोळशाचा, एक थर गोट्यांचा, असे थर भरायचे आणि खालून पेटवायचं. दोन-तीन दिवस धगधगून गोटा पांढरा, हलका होतो. त्याचा निम्मा भार वायू होऊन उडून गेलेला असतो. मी तोंड पुढे करून आत वाकायला गेलो तेव्हा आप्पांनी सत्तरीतल्या हातानं माझा दंड असा धरला की वळ उठला.

"वाकू नगासा! आमचं कुत्रं असंच उबला म्हनून काठावर निजलं आन् गेलं. ना दिसतंय, ना वास येतोय."

ना रंग, ना वास. हे वाक्य मी दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेतो. धोक्याच्या काठावर उभं राहून मात्र कधी म्हटलं नव्हतं.

आप्पा एका दगडावर टेकले. "मास्तर, तुमी शिकल्यालं. मला येक सांगा. दगुड जाळला की त्येच्यातनं कायतरी जातंय. वजनच जातंय न्हवं? भितीवर चढला की त्ये परत येतंय. मग कुटनं येतंय त्ये?"

"हवेतून येतं, आप्पा."

"नुस्ती हवा म्हनू नगा. मोकळ्या हवंत वरीस लागतंय. मानसं बसली की पंधरा दीस. दगडातनं जीव जातोय, तर भित त्यो बसल्याल्या मानसाकडनं मागून घेती. माज्या बापानं सांगितलं हुतं मला. समईचा दिवा खाली भुईवर ठेवायचा. त्यो मंदावला की गानं थांबवायचं, दार उघडायचं, समद्यांस्नी भायेर काढायचं. भितीला द्यायचं, पर मानसाला संपवायचं न्हाय."

कुठल्याही पुस्तकात मी कर्बवायूचा याहून नेमका धडा वाचलेला नाही. आणि तरी मी तिथंही बोललो नाही. आप्पा ओढ्याकडे बघत होते.

"माजी हौशी त्या खोलीत हाय," ते म्हणाले. "लोकं म्हनत्यात म्हातारं चळलं. तुमच्याकडं जळली ती, राख तिकडंच कुटं नदीत गेली. माज्याजवळ तिचं काय ऱ्हायलं? येक भित ऱ्हायली. ती बी उद्या पाडत्यात. आन् मी नगं बी म्हनू शकत न्हाय."

नको का म्हणू शकत नाहीत, ते मला संध्याकाळी कळलं.

अण्णांचं म्हणणं

गावातले मोठे जमीनदार जैन आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिली होती, आता वाढीव बांधकामाचा खर्च ते स्वतः करताहेत. त्यांच्या सोप्यात सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, असं आता कबूल करतो.

"बसा, बसा," अण्णा म्हणाले, आतल्या माणसाला कानडीत दूध आणायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तुमी कशाला आलासा ठावं हाय मला. त्या पंधरा दिवसांत मी बी तितं बसलतो गायाला. मिसरूड फुटलं नव्हतं. तुमच्या मंडळींनी येक ओवी बांदलती, अजून बाया जात्यावर म्हनत्यात."

"कोणती ओवी?"

त्यांनी म्हटली नाही, सांगितली, जमाखर्च वाचल्यासारख्या कोरड्या आवाजात.

धर गं भिती धर, माजा सास पोटी धर
आज मी म्हायेरी, उद्या कुनाच्या घर

पंधरा वर्षांच्या संसारात हौसानं ही सासाची, म्हणजे श्वासाची, ओवी माझ्यासमोर एकदाही म्हटली नव्हती. म्हणणार कशी? गाण्यानं भिंत पक्की होत नाही, असं मी तिला सांगून ठेवलं होतं.

"मग खोली पाडता कशाला?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"बिडरी," ते कानडीत 'सोडा हो' म्हणाले, "मास्तर, रागवू नगासा. पोरी वाढल्या. तवा शाळंत पोरी किती हुत्या? येक बी न्हाय! हौसाक्कानं ज्या भितीला सास दिला, त्या शाळंत तिला बसायला मिळालं न्हाय. आता वीस पोरी दारात बसत्यात, पावसात भिजत्यात. मदली भित काडल्याबगार खोली वाढत न्हाय. सांगा, काय करू?"

मी दुधाचा पेला हातात धरून बसलो. उठताना उगाच काहीतरी म्हणायचं म्हणून विचारलं, "सिमेंटला गाणं लागत नाही ना?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. "सिमिटला नुस्तं पानी लागतंय."

पेला

घरी येऊन मी आक्काकडे काचेचा पेला मागितला. काचेचा नव्हता, शेजारून औषधाची रुंद बाटली आली. परसातल्या पपईचं पान तोडलं, हौदावरची साय बाजूला करून निवळी घेतली आणि अंगणात आप्पांसमोर उकिडवा बसलो. अजून चांगला उजेड होता.

"आप्पा, यात फुंका."

ते फुंकू लागले. दम कमी, मधे खोकला. पाणी हळूहळू धुरकट झालं, मग ताकासारखं, मग पांढरं. आक्का वाकून बघत होती.

"ह्यो चुना बसला," आप्पा म्हणाले.

"होय. तुमच्या श्वासानं बसला. त्याचा दगड झाला." आता थांबलो असतो तर पुन्हा कधीच बोललो नसतो. "पहिल्या वर्षी हौसानं असंच फुंकलं आणि मला सांगितलं, आम्ही भिंतीत हेच केलं होतं. मी तिला हसलो, आप्पा. गावगप्पा म्हणालो. ती बरोबर होती. तुम्ही बरोबर आहात. तिच्या श्वासातलं जे त्या भिंतीत गेलं ते तिथंच आहे, दगड होऊन. पुस्तकात आहे ते. मीच ते शिकवतो, आणि मला कळलं नव्हतं."

आप्पा रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवली, पांढरं खाली बसू देईनात.

"म्हंजे मी चळलो न्हाय," ते म्हणाले.

"नाही आप्पा."

"आक्के, आयकलंस का गं? मास्तर म्हनत्यात, चळलो न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिनं मला सांगितलं हुतं. पैल्या दिवाळसणाला आलती तवा. म्हनली, आप्पा, त्यांस्नी समजल, जरा येळ लागल. लई हुशार मानूस हाय, म्हनून येळ लागतोय."

मी तिथंच, सासऱ्यांसमोर, आक्कासमोर रडलो. मला लाज वाटली नाही. त्या रात्री आप्पा दीड भाकरी जेवले.

शाळा

सकाळी गडी पहारी घेऊन आले. खोली साधीच होती, बारा-पंधरा हात लांब, दोन खिडक्या, वर कौलं. पण भिंतीला हात लावला आणि तो मागे घ्यावासा वाटेना. आप्पांच्या मुलींनी नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं ती घोटली होती. शंखाच्या आतल्या बाजूसारखी थंड आणि नितळ. पहिली पहार बसली तेव्हा खणकन आवाज झाला आणि नुसता टवका उडाला.

"थांबा रं," आप्पा म्हणाले. "मीच उतरतो पैलं."

त्यांनी डोक्याला नवा तांबडा पटका बांधला होता. ते खिडकीखालच्या कोपऱ्याशी जाऊन बसले, कारण हौसा तिथं बसायची, खिडकीच्या तरटाच्या फटीतून ओढा दिसायचा म्हणून. छिन्नी लावली, हातोडी उचलली. हळूहळू, पापड सोडवावा तसा, तळहाताएवढा तुकडा त्यांनी सोडवला. त्याचे दोन भाग केले. एक कनवटीला लावला, एक मला दिला.

"आंबटापास्नं जपा," ते म्हणाले. "आंबट लागलं की चुना उठतोय, हाय त्ये सोडून देतोय."

"मला माहीत आहे, आप्पा. मी रसायन शिकवतो."

ते हसले. मी आल्यापासून पहिल्यांदा हसले. मग अण्णांना म्हणाले, ह्येचा चुरा भायेर टाकू नगासा, नव्या खोलीच्या पायात भरा. अण्णा कानडीत होय म्हणाले, हौदरी आप्पा, तसंच करतो. बाहेर वीस पोरी पाट्या घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि पहारीच्या प्रत्येक घावाला कान झाकत होत्या.

परतीला

निघताना आक्कानं शिदोरी बांधली. मी भिंतीचा तुकडा रुमालात गुंडाळला आणि ट्रंकेत फुटेल म्हणून शिदोरीच्या गाठोड्यात, मऊ भाकऱ्यांच्या मधे ठेवला. स्वतःच्या हुशारीवर खूषही झालो.

मिरज सोडल्यावर भूक लागली. गाठोडं सोडलं. भाकऱ्या, चटणी, गुळाचा खडा, आणि केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी, जे मी पाहिलं नव्हतं. पान सुटून रस ओघळला होता. लिंबाचं लोणचं. आक्काच्या बोळक्यांत इतर लोणचीही असतात, पण तिनं नेमकं लिंबाचंच दिलं होतं. हौसाला ते फार आवडायचं. दर दिवाळीला तिच्यासाठी एक बरणी बडोद्याला यायची, आणि यंदा दोन वर्षांनी तिच्या बहिणीनं ती सवय तशीच चालू ठेवली होती.

रुमाल एका कोपऱ्यात ओला झाला होता. मी घाईनं उलगडला. तुकड्याच्या कडेला, जिथं रस लागला होता तिथं, बारीक बारीक बुडबुडे येत होते. अगदी हलका फसफस आवाज, गाडीच्या खडखडाटात कान जवळ नेल्याशिवाय ऐकू न येणारा.

मला पुसता आलं असतं. हातात धोतराचा सोगा होता, शेजारी पाण्याचा तांब्या होता, आणि काय करायचं ते मला डब्यातल्या कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. हेही ठाऊक होतं की त्या खोलीत तीस माणसं गात होती, चार शेगड्या होत्या, आणि या बुडबुड्यांत हौसाच्या श्वासाचा वाटा किती हे जगातला कुठलाही रसायनवाला सांगू शकणार नाही.

तरी मी पुसलं नाही. चष्मा काढला, तुकडा दोन्ही हातांत धरून तोंडाशी नेला. ना रंग, ना वास. समोरच्या बाकावरच्या बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढलं. मी डोळे मिटले आणि बुडबुडे थांबेपर्यंत श्वास आत घेत राहिलो.